नव्या प्रजातीचा पहिला प्राणी कोण?

मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की एकटा जीव उत्क्रांत होत नाही, समूह उत्क्रांत होतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे. काही वाचकांनी नाव छापू नका असं कळवलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. जागेअभावी पत्रं आखूड केली आहेत, प्रश्नांना मात्र हात लावलेला नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे उत्तरांत माश्या अधूनमधून येतीलच.

प्रश्न : समूह शेवटी एकेका प्राण्याचाच बनलेला असतो ना? मग एकही प्राणी बदलत नसेल तर समूह कसा काय बदलतो? (अकरावीतली विद्यार्थिनी)

उत्तर : तुझी शंका अगदी रास्त आहे. गालापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचं एक बेट आहे, अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान आणि निर्मनुष्य. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ सालापासून वर्षानुवर्षं तिथे जात राहिलं. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक फिंच पक्ष्याच्या पायात त्यांनी कडी घातली, चोचीची लांबी-जाडी मोजली, कुठलं पिल्लू कुठल्या जोडीचं याची नोंद ठेवली. रानातल्या एखाद्या समूहाची इतकी बारीक नोंदवही जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

१९७७ साली तिथे जवळजवळ पाऊसच झाला नाही. तिथला मध्यम आकाराचा भूफिंच मुख्यतः बिया खातो. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरल्या त्या गोखरूच्या जवळच्या नात्यातल्या एका वनस्पतीच्या टणक, काटेरी बिया. त्या फोडायला जाड चोच लागते. बेटावरचे सुमारे ८५ टक्के भूफिंच मेले. जे जगले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जास्त भरली.

आता नीट बघ. एकाही पक्ष्याची चोच वाढलेली नाही. बारीक चोचीचे जास्त मेले, जाड चोचीचे त्या मानाने कमी मेले, म्हणून सरासरी सरकली. आणि चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांत बरीचशी उतरते, हे ग्रँट यांच्या नोंदींवरून आधीच दिसलं होतं. दुष्काळ सरल्यावर जन्मलेली पिल्लंही दुष्काळाआधीच्या पक्ष्यांपेक्षा जाड चोचीची निघाली. तिथे उत्क्रांती झाली असं म्हणता येतं. पिल्लांत काहीच उतरलं नसतं, तर पक्षी मेले एवढीच नोंद उरली असती.

१९८३ साली एल निनोमुळे याच बेटावर धो धो पाऊस पडला आणि बारीक बियांचा सुकाळ झाला. त्यानंतरच्या वर्षांत लहान चोचीचे पक्षी जास्त तगले आणि सरासरी पुन्हा मागे आली. जाड चोच ‘प्रगत’ आणि बारीक चोच ‘मागासलेली’ असं काही नसतं. त्या वर्षी कुठल्या बिया होत्या, यावर सगळं ठरलं.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत माझं एक म्हणणं आहे, ते इथेच सांगते. पुस्तकात एका प्रजातीचं एकच चित्र असतं, आणि मुलांना वाटतं की बाकीचे सगळे प्राणी त्या चित्राच्या कमीअधिक बिघडलेल्या नकला आहेत. खरं म्हणजे ते चित्रच काल्पनिक असतं. प्रत्यक्षात असतात ते एकमेकांहून थोडे थोडे वेगळे असे जीव, आणि हा वेगळेपणाच उत्क्रांतीचं भांडवल आहे. जनुकांची नक्कल होताना काही अक्षरं बदलतात, त्याला आपण उत्परिवर्तन म्हणतो. आईबापांच्या जनुकांची दर पिढीत नव्याने सरमिसळ होते. या दोन वाटांनी वेगळेपण सतत येत राहतं, कुणाला त्याची गरज आहे की नाही हे न बघता.

एक पुरवणी. निवडीशिवायही समूह बदलतो. प्रशांत महासागरातल्या उत्तरेकडच्या हत्ती सीलची चरबीच्या तेलासाठी इतकी शिकार झाली की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूठभरच उरले. आज ते पुन्हा लाखाच्या वर आहेत, पण त्यांच्या जनुकांतली विविधता अगदी नगण्य आहे. वाचलेले सील काही सर्वांत सरस नव्हते, ते योगायोगाने वाचले. त्यांच्याकडे जी जनुकं नव्हती ती कायमची गेली. समूह जितका लहान, तितका योगायोगाचा हात मोठा.

प्रश्न : नवी प्रजाती तयार होते म्हणजे तिचा पहिला प्राणी कधीतरी जन्मला असणार. त्याच्या प्रजातीचा दुसरा प्राणीच जगात नाही, मग त्याने जोडीदार कुठून आणला? माझ्या मते सगळा सिद्धांत इथेच अडतो. (निवृत्त अभियंता)

उत्तर : या सदरात आजवर आलेल्या प्रश्नांपैकी मला सर्वांत आवडलेला हा प्रश्न आहे, कारण तो तर्काने विचारलेला आहे. तर्क बरोबर आहे, गृहीतक मात्र तपासायला हवं. तुम्ही धरून चालला आहात की जुनी प्रजाती आणि नवी प्रजाती यांतली सीमारेषा आई आणि तिचं पिल्लू यांच्यामधून जाते. ती तिथून जात नाही. प्रत्येक पिल्लू आपल्या आईबापांच्याच प्रजातीचं असतं, आजचं असो की दहा लाख वर्षांपूर्वीचं. सीमारेषा तयार होते ती दोन समूहांच्या मधे, आणि त्यासाठी आधी एका समूहाचे दोन व्हावे लागतात.

पनामाची संयोगभूमी वर आली आणि सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी तिने कॅरिबियन समुद्र आणि प्रशांत महासागर पुरते तोडले. टिचकीसारखा मोठा आवाज काढणाऱ्या ‘स्नॅपिंग’ कोळंब्या तोवर दोन्हीकडे एकच होत्या. मधे जमीन आल्यावर इकडच्या कोळंब्या इकडच्यांशी आणि तिकडच्या तिकडच्यांशी जोड्या जमवत राहिल्या. कुठल्याही पिढीत कुणालाही जोडीदाराची वाण पडली नाही. नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवरच्या जुळ्या, म्हणजे एकाच मूळ समूहातून फुटलेल्या, कोळंब्या पकडून एका टाकीत सोडल्या. जोडी जमण्याऐवजी बहुतेकांनी नांग्या उगारल्या, आणि जगणारी पिल्लं जवळजवळ झालीच नाहीत. आणखी एक गोष्ट दिसली. खोल पाण्यात राहणाऱ्या जुळ्यांच्या जनुकांमधलं अंतर जास्त होतं आणि उथळ खारफुटीतल्या जुळ्यांमधलं कमी. जमीन वर येताना खोल पाणी आधी तुटलं, उथळ खाजणं सर्वांत शेवटी. ज्यांना वेगळं होऊन जास्त काळ लोटला, त्या एकमेकींना जास्त परक्या झाल्या.

पण नुसत्या काळाने परकेपणा का यावा? याचं उत्तर आमच्या माश्यांच्या बाटल्यांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फळमाशीच्या दोन अगदी जवळच्या प्रजाती आहेत, मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलन्स. त्यांच्या माद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखायला अवघड. नर ओळखता येतात, तेही पोटाच्या टोकाला असलेल्या प्रजननांगाच्या कमानीवरून. असा संकर करायचा तर आधी मेलॅनोगॅस्टरच्या कुमारी माद्या गोळा कराव्या लागतात. कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत त्या नरांपासून वेगळ्या काढायच्या, बारीक कुंचल्याने एकेक उचलायची आणि सिम्युलन्स नरांबरोबर नव्या बाटलीत सोडायची. उशीर झाला की सगळं वाया. अनेक माद्या या नरांना दादच देत नाहीत. काही देतात, अंडी घालतात, अळ्या होतात. मग दिसतं ते असं : मुलगे कोश होण्याच्या सुमाराला मरून जातात. मुली जगतात, पण त्या वांझ असतात. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाटलीच्या भिंतीला चिकटलेल्या त्या मेलेल्या अळ्या बघून मनात आलं की आईत दोष नाही, बापात नाही, मग हे कशाने मेले?

थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन मुलर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात याचं उत्तर दिलं. दोन जनुकं घ्या, एक ‘क’ आणि दुसरं ‘ख’. मूळ समूहात दोन्ही जुन्या रूपात आहेत. समूहाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यात ‘क’ चं नवं रूप आलं, ते जुन्या ‘ख’ बरोबर नीट चाललं, पसरलं. दुसऱ्या तुकड्यात ‘ख’ चं नवं रूप आलं, ते जुन्या ‘क’ बरोबर नीट चाललं, पसरलं. दोन्हीकडे कुणाचंही काही बिघडलं नाही. मात्र नवा ‘क’ आणि नवा ‘ख’ एका शरीरात कधी एकत्र आलेच नव्हते. ते पहिल्यांदा भेटतात संकर झालेल्या पिल्लात, आणि तिथे त्यांचं जमेलच याची हमी कुणी दिलेली नसते. मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलन्स यांच्या संकरात मुलग्यांचा जीव घेणाऱ्या जनुकांची अशी एक जोडी आता शोधून काढलेली आहे. एक जनुक एका प्रजातीत बदललं, दुसरं दुसऱ्या प्रजातीत.

वेगळेपणाची सुरुवात पसंतीतूनही होऊ शकते. डायेन डॉड यांनी फळमाशीच्या आणखी एका प्रजातीचे गट करून काहींना स्टार्चच्या अन्नावर आणि काहींना माल्टोज या साखरेच्या अन्नावर अनेक पिढ्या वाढवलं. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की यानंतर स्टार्चवरच्या माश्या स्टार्चवरच्यांशीच, माल्टोजवरच्या माल्टोजवरच्यांशीच जास्त जोड्या जमवत होत्या. जोडीदार निवडण्याबाबत त्यांच्यावर कसलाच दबाव आणलेला नव्हता. वेगळ्या अन्नाशी जुळवून घेता घेता पसंतीही बदलली.

तेव्हा तुमचा तो एकटा पहिला प्राणी कधीच जन्मला नाही. दोन समूह हळूहळू एकमेकांना परके झाले, आणि त्या सगळ्या काळात प्रत्येक प्राण्याला आपल्या समूहात जोडीदार मिळत होता.

प्रश्न : नवी प्रजाती एका झटक्यात झाल्याचं एकही उदाहरण नाही का? (वनस्पतींची आवड असलेली वाचक)

उत्तर : आहे, आणि ते तुमच्याच आवडीच्या प्रांतातलं आहे. सूर्यफुलाच्या कुळातली ट्रॅगोपोगॉन नावाची एक वनस्पती आहे. तिच्या तीन प्रजाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून अमेरिकेच्या वायव्य भागात पोचल्या. तिथे त्या एकमेकींच्या शेजारी उगवू लागल्या आणि त्यांचे संकर होऊ लागले. हे संकर बहुतांशी वांझ असतात, कारण पराग किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधावा लागतो. ६ गुणसूत्रं आईची आणि ६ बापाची, दोन्ही वेगळ्या घराण्यांतली, जोड्या नीट लागत नाहीत. पण क्वचित एखाद्या रोपात पेशीविभाजन चुकतं आणि सगळा संच दुप्पट होतो. १२ ची २४ गुणसूत्रं होतात. आता प्रत्येकाला तंतोतंत जोडीदार मिळतो आणि रोप बी धरतं. याच रोपाचा आईच्या किंवा बापाच्या प्रजातीशी संकर झाला तर संततीत १८ गुणसूत्रं येतात, ६-६ चे तीन संच, आणि ती संतती बहुधा वांझ निघते. म्हणजे एका-दोन पिढ्यांत भिंत उभी राहिली. मॅरियन ओनबी यांनी १९५० साली अशा दोन नव्या प्रजातींचं वर्णन केलं. त्यांचे पूर्वज तिथे येऊन तेव्हा पन्नासएक वर्षंच झाली होती.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढे कळलं. जनुकांच्या तपासणीतून दिसलं की याच दोन प्रजाती त्या प्रदेशात वेगवेगळ्या गावांजवळ, स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा जन्मल्या आहेत. एका प्रजातीचा जन्म एकदाच होतो असं आपण न तपासताच मानत आलो होतो. वनस्पतींत हा मार्ग अजिबात दुर्मीळ नाही. गव्हाच्या ४२ गुणसूत्रांत तीन वेगवेगळ्या गवतांचा वारसा आहे.

प्राण्यांत एवढी झटपट वाट सहसा सापडत नाही, पण डॅफ्नी मेजरवर एक विलक्षण गोष्ट घडली. १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर फिंच तिथे आला. त्याचं गाणं वेगळं होतं, अंगलट वेगळी होती. त्याने स्थानिक भूफिंच मादीशी जोडी जमवली. फिंचांचे मुलगे बापाकडून गाणं शिकतात, त्यामुळे त्याच्या वंशातल्या नरांचं गाणं वेगळंच राहिलं, चोचही वेगळी. दुसऱ्या पिढीपासून हे पक्षी आपसातच जोड्या जमवू लागले. हा वंश लहान आहे आणि त्याला प्रजाती म्हणावं का, यावर मतभेद आहेत. माझं मत असं की इतक्या लवकर शिक्का मारू नये. पण अलगपणा कसा सुरू होतो हे प्रत्यक्ष नोंदींत उतरलं, त्याचं मोल मोठं आहे.

प्रश्न : मधे समुद्र, डोंगर, वाळवंट असं काहीच नसेल तर एकाच ठिकाणी राहून दोन प्रजाती होतील का? (एक शिक्षक)

उत्तर : माझ्या विद्यार्थिदशेत बहुतेक शिक्षक ‘नाही’ म्हणायचे. आज ते उत्तर टिकत नाही.

उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांत अंडी घालणारी एक माशी आहे. सफरचंद हे तिथलं मूळचं झाड नव्हे, ते युरोपातून आलेल्या लोकांनी लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हडसन खोऱ्यातल्या बागांत सफरचंदं किडू लागली. बेंजामिन वॉल्श या कीटकतज्ज्ञाने १८६० च्या दशकातच लिहून ठेवलं की ही हॉथॉर्नवरचीच माशी आहे, तिने घर बदललं आहे, आणि अशा घरबदलातून नवी प्रजाती होऊ शकेल. शंभर वर्षांनी गाय बुश यांनी हा धागा पुन्हा उचलला.

मुख्य गोष्ट अशी की या माश्यांची जोडी फळावरच जमते. मादी जिथे अंडी घालणार, नर तिथेच वाट बघत बसतो. म्हणजे ज्या माशीला सफरचंदाचा वास आवडतो तिला जोडीदारही सफरचंदावरचाच मिळणार. त्यात सफरचंदं हॉथॉर्नच्या आधी तीन-चार आठवडे पिकतात, आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते. त्यामुळे दोन्ही गट एकाच बागेच्या कुंपणावर असूनही त्यांचे हंगाम पुढेमागे झाले. आजही त्यांच्यात थोडी देवाणघेवाण चालू आहे, दर पिढीत काही टक्के. पूर्ण प्रजाती झालेली नाही. पण त्यांच्या जनुकांत ठळक फरक आहेत, आणि ते मुख्यतः कोशातून कधी बाहेर पडायचं या वेळापत्रकाशी जोडलेले आहेत. आणखी सांगते : या माशीच्या अळीत अंडी घालणारी एक गांधीलमाशीच्या जातीची परजीवी माशी आहे. तिचेही आता सफरचंदवाले आणि हॉथॉर्नवाले असे गट पडू लागलेत. एका झाडाने दोन पायऱ्यांवर फाटे फोडले. वॉल्श हे बघायला हवे होते.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून शिल्लक कशी? (अनेक पत्रांत आलेला प्रश्न)

उत्तर : तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एकाच आजोबांचे नातू. तुम्ही जन्मलात म्हणून चुलतभावाने नाहीसं व्हायचं कारण नाही, आणि तुम्ही चुलतभावापासून जन्मलाही नाहीत. चिंपांझी आणि माणूस यांचे समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते. ते आजचे चिंपांझीही नव्हते आणि माणूसही नव्हते. तिथून दोन वंश फुटले आणि दोन्ही तितकाच काळ बदलत आले आहेत. चिंपांझी ‘मागे राहिलेला’ नाही, तो त्याच्या वाटेने आजपर्यंत आलेला आहे.

प्रश्न : ज्यांच्यात आपसात प्रजनन होत नाही त्या वेगळ्या प्रजाती, असं शाळेत शिकलो. आता वाचतो की निअँडरथाल माणसाची जनुकं आपल्यात आहेत. मग ती व्याख्या चुकीची की निअँडरथाल आपल्याच प्रजातीचे? (पत्रकारितेचा विद्यार्थी)

उत्तर : ती व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली नेमकेपणाने मांडली आणि तिने फार मोठं काम केलं आहे. तिच्यामुळे प्रजातीकडे रंगरूपाच्या साच्यातून बघणं सुटलं आणि ‘कोण कोणाशी जनुकांची देवाणघेवाण करतं’ हा खरा प्रश्न पुढे आला. पण प्रजाती होणं ही एक प्रक्रिया असेल, तर आपल्याला वाटेत अर्धवट अवस्था सापडणारच. न सापडत्या तर उलट काळजी वाटली असती.

निअँडरथाल, म्हणजे आता नामशेष झालेले आपले जवळचे नातलग, हे अर्धवट अवस्थेचं उत्तम उदाहरण आहे. स्वान्ते पेबो यांच्या गटाने २०१० साली त्यांच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. ज्यांची मुळं आफ्रिकेबाहेरची आहेत अशा आजच्या माणसांत निअँडरथालकडून आलेला अंश सुमारे २ टक्के आहे. म्हणजे संकर झाले, त्यांना मुलं झाली, त्या मुलांना मुलं झाली. पण हा अंश सगळीकडे सारखा पसरलेला नाही. एक्स गुणसूत्रावर तो फारच विरळ आहे, आणि वृषणात काम करणाऱ्या जनुकांजवळही तो कमी आढळतो. संकरातून झालेल्या पुरुषांची प्रजननक्षमता काही प्रमाणात घटली असावी, असा याचा एक अर्थ लावतात. वर सांगितलेल्या ‘क’ आणि ‘ख’ ची गोष्ट इथे आपल्याच शरीरात वाचायला मिळते. भिंत बांधून व्हायला लागली होती, पुरी झाली नव्हती. त्यांना वेगळी प्रजाती म्हणा किंवा उपप्रजाती म्हणा, मी त्यावरून वाद घालणार नाही. किती देवाणघेवाण झाली आणि तिचं पुढे काय झालं, हे माझ्या मते अधिक मोलाचं आहे.

दुसरं उदाहरण हिरवट वटवट्या या चिमुकल्या पक्ष्याचं. तिबेटच्या पठारावर तो राहू शकत नाही, त्याच्या कडेकडेने राहतो. हिमालयातून पश्चिमेकडून मध्य आशियामार्गे वर जा किंवा पूर्वेकडून चीनमार्गे वर जा, गाणं थोडं थोडं बदलत जातं. सायबेरियात दोन्ही टोकं भेटतात, आणि तिथे एकाचं गाणं दुसऱ्याला आपलं वाटत नाही. ते सहसा जोडी जमवत नाहीत. पुढे संपूर्ण जनुकसंच तपासल्यावर दिसलं की ही साखळी इतिहासात मधे मधे तुटलेली होती आणि टोकांमध्येही किंचित मिसळण झालेली आहे. त्यामुळे पुस्तकात या साखळीची जी सुबक, कड्यासारखी गोल आकृती असते, ती थोडी सैल करावी लागते. मला ती सैल झालेलीच जास्त आवडते, कारण जिवंत समूह असेच असतात.

आता ज्याविषयी मला मनापासून बोलायचं आहे ते. भिंत उभी राहते तशी ती पडतेही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती होत्या. ते सरोवर साधारण १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं, म्हणजे एवढी विविधता त्यानंतरच्या काळात फुलली. इतक्या वेगाचं दुसरं उदाहरण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत शोधून सापडणं कठीण. यातल्या कित्येक जवळच्या प्रजातींना एकमेकींपासून वेगळं ठेवते ती मादीची नजर. एका प्रजातीचा नर निळसर, दुसरीचा लालसर, आणि मादी रंग बघून निवड करते. ओले झेहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत टाकीवर असा एकरंगी प्रकाश टाकला की निळा आणि लाल ओळखूच येऊ नयेत. माद्या मग कुणाचीही निवड करू लागल्या.

सरोवरात हा प्रयोग आपोआप घडला आहे. भोवतालची जंगलं तुटली, शेतांतून आणि वस्त्यांतून पोषकद्रव्यं वाहून आली, शेवाळ माजलं, पाणी गढूळलं. जिथे पाणी गढूळ तिथे नरांचे रंग फिके, प्रजाती कमी आणि मधल्याच रूपाचे संकर जास्त, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. त्याआधी बाहेरून आणून सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या माशाने शेकडो सिक्लिड प्रजाती फस्त केल्या होत्या, ते नुकसान सगळ्यांना दिसलं. गढुळाने झालेलं नुकसान दिसत नाही. त्यात मासे मरत नाहीत, सरोवर माशांनी भरलेलंच राहतं. दोन प्रजाती एकमेकींत विरघळतात आणि मोजणाऱ्याच्या वहीतली एक ओळ कमी होते. संवर्धनाच्या चर्चेत किती प्राणी उरले याची आकडेवारी असते. कुठल्या परिस्थितीमुळे ते वेगळे राहिले होते, हे सहसा कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं असं मला तळमळीने वाटतं. पाण्यातला स्वच्छ प्रकाश हीसुद्धा त्या माशांच्या अस्तित्वाची अट होती.

प्रश्न : हे सगळं वाचायला छान आहे, पण आम्ही विज्ञान मंडळातली मुलं स्वतः काय करून बघू शकतो? महागडी यंत्रं नाहीत. (नववीतला विद्यार्थी)

उत्तर : मोजपट्टी, आलेखाचा कागद आणि थोडी कुंड्यांची जागा असली की पुरे. सगळीकडे उगवणारं, लवकर बी धरणारं एकच तण निवडा. भरपूर उन्हाची एक जागा आणि सावलीची एक जागा घ्या. प्रत्येक ठिकाणी १०० रोपांची उंची मोजा आणि आलेख काढा. सरासरीकडे नंतर बघा, आधी आलेखाचा पसारा बघा : सर्वांत बुटकं आणि सर्वांत उंच रोप यांत केवढं अंतर आहे ते.

दोन जागांच्या सरासरीत फरक दिसला तर लगेच ‘उत्क्रांती’ लिहू नका. सावलीत रोप उंच वाढणं हा नुसत्या परिस्थितीचा परिणाम असू शकतो. हे वेगळं काढायची युक्ती जेन्स क्लॉसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हायसी यांनी कॅलिफोर्नियात वापरली. समुद्रसपाटीपासून उंच डोंगरापर्यंत उगवणाऱ्या यारो या वनस्पतीचं ठिकठिकाणचं बी त्यांनी एकाच बागेत लावलं. डोंगरावरून आणलेली रोपं खालच्या सुखाच्या जागेतही बुटकीच राहिली, म्हणजे तो फरक वारशाचा होता.

तुम्हीही दोन्ही जागांचं बी आणा, कुंड्यांत एकच माती भरा, सगळ्या कुंड्या एकाच उन्हात ठेवा. कुठल्या कुंडीत कुठलं बी आहे हे फक्त एकाने लिहून ठेवायचं, मोजणाऱ्याला सांगायचं नाही. आणि पहिल्या पिढीवर थांबू नका. आईझाड सकस जागी वाढलं असेल तर त्याचं बी टपोरं असतं आणि रोप सुरुवातीलाच जोर धरतं, त्यात जनुकांचा काही वाटा नसतो. म्हणून कुंडीतल्या रोपांचं बी धरा, तेच पुन्हा पेरा आणि दुसरी पिढी मोजा. त्या पिढीतही फरक टिकला तर तुमच्या हाती खरोखर काहीतरी लागलं आहे, आणि नाही टिकला तरी निष्कर्ष तितकाच भक्कम आहे. दोन्ही पिढ्यांचे आलेख माझ्याकडे पाठवा, याच सदरात छापू.